जेवणघरातील कपाट

गेल्या चैत्रात आमचा भाचा एक कागद घेऊन आमच्याकडे आला. फोंडा तालुक्यात त्याचे नवे घर उभे राहत आहे. भिंती उठल्या, छप्पर चढले आणि आता सुतारकामाची बोलणी चालू झाली आहेत. कागदावर जेवणघराचा आराखडा होता. पूर्वेकडच्या भिंतीला लागून आठ फूट लांब, दीड फूट खोल व तीन फूट उंच असे बुटके कपाट. त्यात ताटेवाट्या, मेजावरच्या चादरी, सणावारी लागणारी भांडी ठेवावयाची. येथवर सारे यथास्थित होते. परंतु त्या कपाटाच्या उजव्या अंगाला वरच्या बाजूस काचेच्या तीन फळ्या, त्यांच्यामागे आरसा, आरशावर दिवा, खाली उलटे टांगलेले पेले आणि पुढे हात टेकण्यापुरती एक अरुंद दगडी पाटी दाखविली होती. त्या जागेवर दोनच अक्षरे लिहिलेली होती : ‘बार’.

“मामा, देवघराची दिशा बरोबर आली आहे ना, एवढे पाहा,” असे म्हणून त्याने कागद पुढे सरकविला. दिशा बरोबर होती. मात्र देवघर नेमके त्याच भिंतीच्या पलीकडे होते. म्हणजे देवाची पाठ आणि बाटल्यांची पाठ एकाच भिंतीला टेकणार होती. ही गोष्ट आम्ही त्याच्या लक्षात आणून दिली तेव्हा तो ओशाळला, आणि पेन्सिलीने बाण काढून कपाट लगेच समोरच्या भिंतीकडे सरकविले. “आता ठीक?” त्याने विचारले. आम्ही ‘हो’ म्हणू शकलो नाही, आणि ‘नाही’ का, तेही त्या क्षणी सांगू शकलो नाही. पुढे कित्येक दिवस तो कागद आमच्या डोळ्यांसमोरून हलेना.

मद्यपान बरे की वाईट, हा वाद आम्हांस येथे घालावयाचा नाही. त्याचे दुष्परिणाम जाणून घेण्यासाठी कोणास आमच्या लेखाची गरज नाही. आम्ही स्वतः मद्य घेत नाही, पण त्यात आमचे कर्तृत्व फारसे नाही. बालपणी जे पाहिले त्याचा तो परिणाम आहे, आणि ते पुढे येईलच. आम्हांस छळणारा प्रश्न याहून लहान आहे. ज्या घरात ही वस्तू आहे, त्या घरात तिची जागा कोणती? ती झाकावी की मांडावी? प्रश्न सुताराचा वाटतो खरा. तथापि घरातली फळी कोठे बसवावी हे ठरविताना माणूस आपल्या घराविषयी पुष्कळ काही ठरवून टाकतो, आणि ते त्याच्या ध्यानीही येत नाही.

आपल्या जुन्या घरांना बुफे ठाऊक नव्हते. भांड्यांसाठी मांडणी असे, रोजच्या जिनसांसाठी भिंतीतले फडताळ, दिव्यासाठी कोनाडा, मांजरापासून जपावयाचे दूधदही शिंक्यावर. जेवणघरात मेजही नव्हते. पाट मांडले जात आणि जेवणे उरकली की ती खोली पुन्हा रिकामी होई. वस्तू थोड्या होत्या, पण प्रत्येकीला ठाव होता. लोणच्याच्या बरणीला कोणी कोणत्या हाताने शिवावे येथपर्यंत ती व्यवस्था जाऊन पोचली होती. या व्यवस्थेने वस्तूंबरोबर माणसांनाही ठाव नेमून दिले, कोणाला ओसरीवर तर कोणाला अंगणाबाहेर उभे केले, हे तिचे पाप आहे, आणि ते मोडले हे उत्तमच झाले. परंतु माणसांच्या बाबतीत जो अन्याय ठरला तो वस्तूंच्या बाबतीत विवेक असू शकतो. पायताण देवघरात आणू नये यात पायताणाची निंदा नाही.

गोमंतकात याचे एक विलक्षण उदाहरण आहे. आमच्याकडे गावच्या राखणदाराला, कोठे देवचाराला, रोट आणि सोरो ठेवण्याची रीत पुष्कळ ठिकाणी आहे. शहाणीसुरती, सोवळी माणसेही ते निमूटपणे करवितात. म्हणजे आपल्या परंपरेने मद्याला सर्वत्र बहिष्कृत केले असे म्हणता येत नाही. पण ते ठेवतात कोठे? गावच्या शिवेवर, झाडाच्या बुंध्याशी, पाणंदीच्या तोंडाशी. ज्या हाताने राखणदाराचा वाटा नेऊन ठेवला तोच हात अंघोळ करून देवापुढे नैवेद्याचे पान वाढतो, आणि या दोन कृत्यांत त्या माणसाला विसंगती भासत नाही. रीतीने त्या वस्तूला जागा दिली, आणि ती जागा दूर दिली.

घरातही एक बाटली असेच. गोव्यातल्या कित्येक हिंदू घरांत फडताळाच्या कोपऱ्यात फेणीची एक लहानशी बाटली औषध म्हणून ठेवलेली असे. पोटात कळ आली की चमचाभर, पडशाने छाती भरली की चोळण्यापुरती. ती कोणी दडवीत नसे आणि कोणी मिरवीतही नसे. तिचे काम काय, ते घरातल्या लहानथोरांस ठाऊक होते. आमच्या आजीने ती बाटली सुंठ-ओव्याच्या शेजारी ठेवलेली आम्ही पाहिली आहे.

परंतु त्याच घरात दुसरीही एक बाटली होती.

ती कोठीच्या खोलीत तांदळाच्या पेटीमागे असे, आणि ती आमच्या काकांची होती. काका देवळाचे महाजन. उत्सवाच्या हिशेबात पैचीही चूक न करणारे, पालखीपुढे अनवाणी चालणारे, आवाजाने मृदू. रात्री नवाच्या सुमारास ते ‘जरा तांदूळ बघून येतो’ म्हणून कोठीत जात आणि अर्ध्या तासाने परत येत. घरात आम्ही चौदा माणसे होतो आणि चौदाही जणांस ठाऊक होते. काकी सर्वांची भांडी घासून झाल्यावर तो एक पेला राखेने निराळा घाशी, पदराने कोरडा करी आणि पुन्हा पेटीमागे ठेवून देई. हे काम तिला कोणी सांगितलेले नव्हते. सांगावयाचे तर पेल्याचे नाव घ्यावे लागले असते, आणि ते तर कोणी घेत नव्हते. कधी कधी पेला कोठीतून उचलून आणण्यास ती आम्हांस किंवा आमच्या वडील बहिणीस धाडी. आम्ही तो सदऱ्याखाली लपवून आणीत असू. कोणापासून लपवीत होतो, हे आजही सांगता येणार नाही.

अर्ध्या तासाचे पुढे दोन तास झाले, एका बाटलीच्या दोन झाल्या. बावन्नाव्या वर्षी पोटात पाणी होऊन काका गेले. दिवस संपल्यावर काकी कोठीतील पेटी ओढून भिंत सारवीत बसली होती, तेव्हा ती आमच्या आईला एवढेच म्हणाली की, समोर ठेवली असती तर मी समोर बोलले असते. तिचा राग पिण्यावर नव्हता असे नाही. पण त्याहून मोठा राग तिच्या तोंडाला लागलेल्या कुलपावर होता. लपविलेल्या वस्तूविषयी बोलणे म्हणजे ती उघडी पाडणे, आणि घरधन्याला उघडे पाडणे त्या काळच्या स्त्रीला कोठून जमावे? बाटली झाकली गेली त्या दिवशीच तिचा शब्दही झाकला गेला.

भाच्याला ही कथा ठाऊक आहे. किंबहुना तिच्याच आधारे तो आमच्याशी वाद घालीत होता. “मामा, धाकट्या आजोबांसारखे मी करणार नाही. शनिवारी एखाद्या वेळी घेतो, ते आईला ठाऊक आहे, बायकोला ठाऊक आहे. नाताळात शेजारी बाटली आणून देतात, ती मी पिशवीत घालून माळ्यावर टाकू काय? जे आहे ते उघड असावे. ढोंग नको, म्हणून काचेची फळी.” हा युक्तिवाद हलका नाही. आमच्या पिढीने ज्या गोष्टींना मर्यादा म्हटले त्यांतल्या कित्येक निव्वळ भित्रेपणा होत्या, हे आम्ही जाणतो. आणखी तो म्हणाला की, काजूची फेणी ही आपल्या मातीची वस्तू आहे. २००९ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. मग तिची लाज का? आता, काजूचे झाडच मुळी सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणले, तेव्हा ‘आपली माती’ या शब्दाला येथे थोडी गंमत आहे. ते राहो. चारशे वर्षांत झाड आपले झाले, भट्टी आपली झाली, पहिल्या धारेचा हुर्राक आणि पुढची फेणी ही आमच्या लोकांच्या कष्टांची व कसबाची फळे आहेत, हे आम्हांस मान्य. पण आगरातले मीठ आणि अंगणातले भिरंडही आपल्याच मातीचे. त्यांच्यामागे आरसा लावून वर दिवा टांगावा असे अजून कोणास सुचलेले नाही.

येथेच आम्हांस त्या कागदाने का छळले ते कळू लागले. उंचावर फळी, मागे झळाळी, वर दिवा, समोर मोकळी जागा, आणि खोलीत शिरणाऱ्याची नजर पहिल्याने तेथे जावी अशी योजना : ही मांडणी आपल्या घरांत आजवर एकाच ठिकाणी होत आली आहे. भाच्याने भिंत बदलली खरी, पण देव्हाऱ्याचा घाट तसाच राहिला. त्याच्या मनात पूजेचा भाव मुळीच नव्हता. तो आराखडा बहुधा कोणत्या तरी छापील चित्रावरून उतरलेला होता. परंतु मांडणीला स्वतःची भाषा असते. ज्याच्यावर दिवा लावला ते या घरात मोठे, हे चार वर्षांच्या मुलाला कोणी शिकवावे लागत नाही. आहे ते न दडविणे ही एक गोष्ट, आणि आहे त्याला सिंहासन देणे ही दुसरी. ढोंग टाळण्यासाठी पहिली पुरते.

दुसरे असे की, जेवणघर एकट्याचे नसते. आपल्या निजावयाच्या खोलीत माणसाने काय ठेवावे हे तो जाणे. बैठकीची खोलीही पाहुण्यापुरती. जेवणघरात मात्र घरातल्या प्रत्येकास दिवसातून दोनदा येऊन बसावेच लागते. भाच्याच्या घरी आमची बहीण आहे, सून आहे, दोन मुले आहेत, आणि कामाला येणारी एक बाई आहे, जिच्या स्वतःच्या घरी या वस्तूने काय केले ते तीच जाणे. कपाटाविषयी यांपैकी विचारले किती जणांना? “आईने काही हरकत घेतली नाही,” असे भाचा म्हणाला. मौनाला संमती मानण्याची सोय आपल्याकडे फार जुनी आहे. आमच्या काकीचेही मौनच होते. लपविलेल्या बाटलीने घरच्यांचा शब्द काढून घेतला होता. उजळून मांडलेली बाटली त्यांचा नकार काढून घेते, कारण जे सुशोभित करून खोलीचे भूषण ठरविले त्याला ‘आज नको’ म्हणणे म्हणजे घराच्या शोभेलाच हरकत घेणे.

आमचे काही वाचक म्हणतील की, इतका काथ्याकूट कशाला. बाटली उंबऱ्याच्या आत येऊच देऊ नये. वडोदऱ्याच्या आमच्या स्नेह्यांना हा प्रश्नच पडत नाही. मुंबई राज्याचा १९४९ चा दारूबंदीचा कायदा १९६० नंतर गुजरातेने पुढे चालविला, आणि जेवणघराच्या आराखड्यातली ती जागा सरकारनेच कोरी ठेवली. ज्या घरात सर्वांनी मिळून असा निर्णय घेतला असेल त्या घराला आमचा नमस्कार. परंतु केवळ हुकूम पुरत नाही, हे आपल्या ग्रंथांनीच सांगून ठेवले आहे. मौसलपर्वात द्वारकेत दवंडी पिटली जाते की, आजपासून कोणाच्याही घरी मद्य तयार होता कामा नये, जो करील तो सगोत्र सुळावर जाईल. लोक भयाने ती आज्ञा पाळतात. आणि तेच यादव पुढे यात्रेच्या निमित्ताने प्रभासक्षेत्री जातात, बरोबर मद्य नेतात, प्रत्यक्ष श्रीकृष्णासमोर पितात, सात्यकी आणि कृतवर्मा यांच्यात जुनी उणीदुणी निघतात, आणि एरका गवताची मुसळे होऊन अवघे कुळ कापले जाते. घरात बंदी होती. घराबाहेर तीर्थ होते.

याच्या उलट आदिपर्वातला शुक्राचार्य पाहा. असुरांनी कचाला जाळून त्याची राख मद्यात मिसळली आणि ते मद्य त्याच्या गुरूलाच पाजले. आपल्या पोटात आपलाच शिष्य आहे, हे कळल्यावर शुक्राचार्याने ब्राह्मणांना मद्य वर्ज्य केले. हीही बंदीच; पण ती पिणाऱ्याने घातली, आपण काय गिळले ते कळल्यावर घातली. आमच्या काकांना हे कोणी वेळेवर सांगितले असते तर, असा विचार आमच्या मनात अनेकदा येतो. सांगणार कोण? सांगणारे सारे पेला सदऱ्याखाली लपवून आणीत होते.

आता पाहुण्याचा विचार. गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ १९१९ साली रंगभूमीवर आले आणि मराठी माणसाने त्यात सुधाकराचा नाश पाहून डोळे पुसले. पण पहिला पेला सुधाकराच्या हाती येतो तो शत्रुत्वाने नव्हे. दुखावलेल्या मित्राला विसावा म्हणून तळीराम तो पुढे करतो. आतिथ्याचे रूप घेऊन आलेली गोष्ट नाकारणे सर्वांत कठीण. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ मोठ्या प्रयासाने व्यसनातून सुटले आहेत. ते सांगतात की, दुकानावरून जाताना त्यांना त्रास होत नाही. त्रास होतो तो स्नेह्यांच्या घरी, जेथे पान वाढण्याआधी यजमान प्रेमाने कपाटाकडे हात करून ‘काय घेणार?’ असे विचारतो. पेल्यावर तळहात झाकून ते ‘नको’ म्हणतात, आणि मग चार माणसे का म्हणून विचारतात. बंद दार त्या माणसाला एवढेच देते : त्याला कारण सांगावे लागत नाही.

हे सारे आम्ही भाच्याला एका दमात सांगितले असे नाही. वैशाखात आम्ही त्याच्या घरी गेलो तेव्हा मेस्त लाकडाचा अंदाज घ्यावयास आला होता, आणि खरे बोलणे त्याच्यासमोर झाले. मेस्ताने काचेच्या फळ्यांना आपल्या परीने हरकत घेतली. भरलेली बाटली सव्वा किलोच्या घरात जाते. वीस बाटल्या म्हणजे पंचवीस किलो, आणि तीन फुटांच्या फळीला मधे आधार नसेल तर ती वाकणारच. शिवाय दिव्याची ऊब आणि उजेड बाटलीतल्या जिनसाला सोसत नाही. खाली, अंधारात, उभे खण करा, असे त्याचे म्हणणे. द्राक्षाची असेल ती आडवी ठेवावी म्हणजे बूच ओले राहते. फेणीसारखी कडक असेल ती उभी, नाही तर तीच बूच खाते. कपाटाला चार बोटांचे पाय हवेत आणि मागे भिंतीपासून दोन बोटांचे अंतर. आमच्या पावसाळ्यात चिऱ्याच्या भिंतीला पाझर येतो आणि चिकटून ठेवलेली पाठ दोन वर्षांत कुजते. ही माहिती आम्हांस नवी होती, आणि मनातून आनंद झाला की पुराणांचे दाखले जेथे थकले तेथे सुतारकाम मदतीला आले.

भाच्याने वरच्या पाटीला जुन्या पद्धतीचे लाखेचे पॉलिश सुचविले, तेव्हा मेस्त हसला. लाख स्पिरिटात विरघळवूनच ते पॉलिश होते. तेव्हा सोऱ्याचा थेंब सांडला की ते पुन्हा विरघळू लागते आणि पांढरा डाग पडतो. घरच्या आजोबांच्या शिसवी मेजावर असे डाग कोणी कोणी पाहिले असतील. आम्ही पाहिले आहेत.

मग कागदावर खोडाखोड सुरू झाली. काच गेली, आरसा गेला, दिवा जेवणाच्या मेजावर आला. उजव्या टोकाला एकच दार ठरले, इतर दारांसारखेच सागवानी, त्यावर निराळी खूण नाही. मुलांसाठी कुलूप हवे, असे सून म्हणाली. किल्ली कोणाकडे, हा प्रश्न निघाला. भाच्याने खिशावर हात ठेवला होता, तो त्याने काढला. किल्ली स्वयंपाकघरातल्या खिळ्याला राहावी, सर्वांना दिसेल अशी, असे ठरले. ज्याला ती हवी त्याने चार माणसांतून जाऊन ती घ्यावी आणि ज्याला बोलावयाचे असेल त्याने तेव्हा बोलावे. हे पुरेसे आहे काय? आम्हांस ठाऊक नाही. काकांच्या घरी एवढे जरी असते, असे मात्र वाटले.

इतका वेळ आमची बहीण दाराशी बसून आमसुले निवडीत होती. तिने सारे ऐकले. मेस्त कागद गुंडाळू लागला तेव्हा ती उठली, जवळ आली आणि खणांवरून बोट फिरवीत विचारू लागली, हा कशाचा, तो कशाचा. बाटल्यांचा खण तेरा इंच उंच होता, कारण बाटली बारा इंचांची. पेल्यांचा आठ, ताटांचा अकरा. प्रत्येक आकडा कशावरून आला ते मेस्ताने सांगितले.

“आनी म्हज्यो बरण्यो?” तिने विचारले.

कोणी काही बोलले नाही. आठ फूट लांब त्या कपाटात लोणच्याच्या चिनी मातीच्या बरण्यांसाठी एकही खण नव्हता. मेस्ताने मग कमरेची टेप काढली आणि तो तिच्यामागून स्वयंपाकघरात गेला. सर्वांत मोठी बरणी, खाराच्या आंब्यांची, तिने दोन्ही हातांनी ओढून पुढे घेतली. त्याने झाकणाच्या बोंडापर्यंत माप धरले. “साडेपंधरा,” तो आतून म्हणाला, “सोळा धरूया,” आणि भाच्याने कागद पुन्हा उघडला.